काटा, साबण आणि आत्यांची पाठ

१ डिसें., सोम.
काल आक्का निपाणीहून आलत्या. त्यांच्या आईचं, म्हणजे आत्यांचं, अंग पुसताना पाठ बघितली. लाल चट्टे, मधे साल निघाल्यासारखं. मी आठवडाभर बघतेय, थंडीनं असेल म्हणत होते. आक्का माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "तुझ्या त्या घरच्या साबणानं न्हाय न्हवं झालं?"
हे पेपर वाचत होते. भावानं बहिणीला काही तरी म्हणावं. नाही.
आत्या अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून आम्हा सासू-सुनेची करमणूक एवढीच. रविवारी मी गॅलरीत साबण करायचा, त्यांनी आतून विचारायचं, "आज कसला वास गं?"

३ डिसें., बुध.
डॉक्टर घरी येऊन गेले. "काहीही असू शकतं. घाम, एका कुशीवर पडणं, साबण." मलम दिलंय. साबण बंद.
ऑफिसात दिवसभर एकच डोक्यात. कॉस्टिक सोडा जास्त पडला असेल का? तेल मोठ्या काट्यावर मोजते, सोडा तळहाताएवढ्या छोट्या काट्यावर. तोच खोटं सांगत असला तर…

४ डिसें., गुरु.
काटा तपासला. नवी बॅटरी घातली, ओट्यावर सपाट जागा बघितली. पाच रुपयांची नाणी ठेवली, पण जुनं जड, नवं हलकं, त्यावर काय भरवसा. मग आत्यांच्या औषधाची सिरिंज घेतली. काट्याच्या मधोमध छोटा पेला ठेवून त्यात एक मिली पाणी, एक ग्रॅम. दहा भरलं, दहा. पन्नास, पन्नास.
आक्कांना फोन लावला. काटा बरोबर आहे म्हटलं.
"काट्याचं काय सांगतीस? आईचं सांग."

६ डिसें., शनि.
तरी समाधान होईना. बाजारातल्या आमच्या सोनारांकडं काटा घेऊन गेले. त्यांनी शिक्क्याचं शंभर ग्रॅमचं वजन मधोमध ठेवलं. शंभर. "चांगलाय की वैनी." यांना दाखवायला वजन दोन दिवसांसाठी मागून आणलं. येताना रिक्षात डोळा लागला. किती दिवसांनी बरं वाटलं.

७ डिसें., रवि.
नको होतं दाखवायला.
हे म्हणाले, तू नेहमी करतीस तसंच करून दाखव. केलं. स्टीलचा वाडगा ठेवला, मागं सरकवला, कारण तो रुंद, मधे ठेवला की आकडे झाकतात. शून्य केलं. आत वजन ठेवलं.
पंच्याण्णव.
वाडगा पुढं ओढून परत केलं. शंभर. मागं, पंच्याण्णव. हे वाकून बघत होते, मी आकडे न बघताच ओळखायला लागले.
श्रावणात काचेची वाटी फुटली तेव्हापासून हा वाडगा. काटा कमी दाखवणार, मी आणखी घालणार, म्हणजे तेव्हापासूनच्या प्रत्येक साबणात सोडा जास्त. थोडाच. पण तेलानं सगळा सोडा खाऊन वर थोडं तेल उरायला पाहिजे, ते उरलं नसणार. अगदी काठावर.
"म्हणजे साबणानंच झालं?" हे.
"माहीत नाही हो."
खरंच माहीत नाही.

९ डिसें., मंगळ.
उरलेल्या वड्या जिभेला लावून बघितल्या. सोडा मोकळा असला तर जीभ चुरचुरते. पहिल्या वडीला वाटलं चुरचुरली. दुसऱ्या वेळी नाही. मग जिभेला काहीच कळेनासं झालं.
खानापूरच्या मैत्रिणीला, वैजूला फोन केला, तिला दिवाळीला साबण दिले होते. "अगं कवाच संपले. लई झ्याक हुते. आणखी दे की."
वड्या टाकायच्या पिशवीत भरल्या. पिशवी अजून दाराशी आहे.

११ डिसें., गुरु.
आक्कांना सांगितलं. काटा मधे बरोबर, कडेला चुकतो, सगळं.
"मी पण तोच लावते," म्हणाल्या. "मला काय झालं न्हाय." मग, "पण आईचं कातडं कागदासारखं झालंय गं." आणि मग, "रविवारी गाडी घेऊन येते. काही दिवस नेते तिला इकडं."
फोन ठेवला आणि आधी वाटलं, सकाळी सहा वाजता उठावं लागणार नाही. नंतर वाईट वाटलं. पण आधी ते.

१४ डिसें., रवि.
आक्का आल्या. पाठ आम्ही दोघींनी मिळून बघितली. चट्टे सुकताहेत. पण खांद्याखाली एक नवा. साबण बंद होऊन इतके दिवस झाले, तरी नवा.
"हे कशानं मग?" आक्का.
बरं वाटायला हवं होतं. नुसता थकवा.
आक्का उशाशी बसल्या. "आई, येतीस न्हवं निपाणीला? माझ्याकडं?"
आत्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बोट केलं. "हिला इचार."
आक्का वळल्या. हेही दारातून बघायला लागले. खाली गाडीवाला हॉर्न देत होता. राहा म्हणायला तोंड उघडलं, तर जा म्हणायचंही तोंडात होतं. माझ्या हातात ओला टॉवेल. पिळलेलाच होता, परत पिळला.