कितीपैकी सात

तंजावूर,
१६ फेब्रुवारी १९९५

प्रिय वाणी,

देवनागरी वाचताना तू अडखळतेस, म्हणून अक्षर टपोरं काढतोय. तमिळमध्ये लिहिलं असतं तर दोन मिनिटांत वाचून बाजूला टाकलं असतंस. हे पत्र तू सावकाश वाचावंस, एवढाच यातला डाव.

तू मद्रासला गेल्याला आठ महिने झाले. आई बरी आहे. सांबारात मीठ जास्त पडलं की माझ्याकडे बघते, जणू तेही मीच घातलं. साप्ताहिकातली माझी व्यंगचित्रं चालू आहेत आणि त्यांत अजून तेच गिऱ्हाईक, राजवाड्याच्या वळणावरचं, लग्नाच्या पत्रिका जुळवून देणारं कॉम्प्युटर जातक केंद्र. दारावर पाटी आहे, 'माणसासारखा विचार करतो, माणसासारखा चुकत नाही.' अशी पाटी लागल्यावर मला वेगळा विनोद शोधावा लागत नाही.

एका चित्रात मी कॉम्प्युटरला शेंडी काढली. दुसऱ्यात करंट गेलाय, नवरानवरी हार धरून ताटकळलीत आणि भटजी सांगताहेत, 'थांबा, ब्रह्मदेव बंद पडलाय.' सगळ्यांत गाजलं ते तिसरं. मुलीचा बाप हात जोडून विचारतो, 'नकार का, ते तरी सांगा,' आणि यंत्र म्हणतं, 'पुढचा.' सुब्रह्मण्यकाका ते बस स्टँडवर लोकांना मोठ्याने वाचून दाखवत होता. एवढा मी शहाणा.

आता ऐक. भरद्वाजचं स्थळ आईने मोडलं असं तू धरून बसलीस आणि मी तुला तसं धरू दिलं. तिने फक्त माझा निरोप तुला सांगितला. त्या केंद्रात मी गेलो होतो. भर दुपारी, रस्ता रिकामा बघून, छत्री तोंडावर धरून, खोटं नाव सांगून. मुलगा मला आवडला होता. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून कसे गप्प व्हायचात, तेही दिसत होतं. तरी मनात आलंच, एकुलती पोर, उद्या काही वाईट झालं तर? यंत्रातून कागद आला. इंग्रजीत दोघांची नक्षत्रं, खाली स्कोअर, सात. चालवणारी मुलगी ओळखेल म्हणून मी काही न विचारता सटकलो. घरी येऊन आईला म्हटलं, छत्तीसात सात, स्थळ नको.

पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून, शेजारच्या तमिळ लग्नांत दहा पोरुत्तम, म्हणजे पत्रिकेतले दहा मेळ, जुळवताना ऐकून वाढलो आपण. तरी पत्रिका म्हटली की आपल्या मराठी घरात छत्तीस गुणच तोंडावर येतात, अठराच्या खाली नकार.

गेल्या मंगळवारी चित्रासाठी यंत्र नीट बघावं म्हणून पुन्हा गेलो, या वेळी खऱ्या नावाने. यंत्र चालवणारी ती मुलगी, साईप्रिया, म्हणाली, मामा, तुम्ही आमचं यंत्र उगाच जाड काढता. मग कौतुकाने समजावत बसली. हे दहा गोष्टी तपासतं, पाचाच्या वर चांगलं, सात आले तर लोक पेढे वाटतात. मी स्टुलावर बसलो. ऊन लागलं समजून तिने पाणी आणलं.

यंत्राने नाही म्हटलंच नव्हतं, वाणी. वर्षभर मी गावाला हसत होतो, की त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा 'कितीपैकी?' एवढा एक शब्द मला सुचला नाही. आणि दहात दोन आले असते, तरी मी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरत होतं का? पुढच्या अंकातल्या चित्रात यंत्र नाही. छत्रीआड लपून चाललेला एक माणूस आहे. आईने पाहिलं, म्हणाली, नाक बरोबर आलंय.

काल पापनाशमला जाऊन आलो. भरद्वाजच्या आईसमोर, राजमबाईंसमोर, हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कशाला? तिला सांगा." भरद्वाजचं अजून कुठे ठरलेलं नाही. महिनाअखेरीस मद्रासला येऊन तुला भेटलं तर चालेल का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तिच्या वतीने मी एकदा उत्तर देऊन बसलोय, आता तिलाच विचार. तर त्याचं पत्र येईल. ये म्हणायचं की नको, ते तुझं तू ठरव, मला कळवलं नाहीस तरी चालेल. आईला मात्र एक ओळ लिही. आठ महिने ती माझ्या वाटणीचा राग सोसतेय, आणि अजून तुला काही बोललेली नाही.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझाच,
अप्पा