विकतचे लंगोट आणि तुमचं लुगडं

आत्या, लेकीनं तिच्या बाळासाठी पुण्याहून डायपरची पाकिटं आणली आहेत. म्हणे, वापरून टाकले की मातीत कुजतात. तुम्ही असता तर आधी एक परसात पुरून बघितला असता आणि मगच बाळाला लावू दिला असता. सासू असूनही पहिल्या दिवसापासून आत्या म्हणायला लावलंत तुम्ही मला. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपणही तुम्हीच केलंत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारशाला वन्संनी मुंबईहून असलीच पाकिटं आणली होती, तेव्हा मी हरखून गेले. लंगोट धुणं नाही की वाळवणं नाही! वापरलेले मी सरळ उकिरड्यात टाकत गेले, कारण घरातलं सगळं तिथंच जायचं आणि त्याचं खत व्हायचं. वैशाखात खत रानात पडलं आणि माझे सगळे प्रताप उघड्यावर आले. पांढरे, टम्म फुगलेले, रानभर. शेजारच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आवं मावशी, औंदा इडल्या पेरल्या व्हय?" तुम्ही एक फोडून बघितलात, आतून साबुदाण्यासारखा गिळगिळीत लगदा निघाला. "मातीनं थुकून टाकलंय बघ. जे मातीला पचंना, ते लेकराच्या अंगाला लावतीस?" लय लागलं मला ते. मी बाळाला घेऊन तरातरा घरी आले, आणि तुम्ही एकट्या पाटी घेऊन ते वेचत राहिलात.

पण माझी खरी धास्ती वेगळीच होती. रजा संपत आली होती, पाऊस लागला होता, लंगोट दोन-दोन दिवस वाळत नव्हते. तीन महिन्यांचं लेकरू आणि हा पसारा तुमच्या गळ्यात टाकून कुपवाडच्या कारखान्यात कुठल्या तोंडानं जाऊ? नोकरी सोडते, असं मी म्हणालेसुद्धा. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही बसलेल्या आहात, समोर जुनेरांचा ढीग, दात लावून कापड फाडताय. मऊ चिंध्यांच्या घड्या करून त्यांत जुन्या गादीचा कापूस भरताय, चार टाके घालताय. बाहेरून लंगोट, आत ही घडी. हगलं की घडी उकिरड्यात, नुसतं मुतलं की धुऊन चुलीवरच्या दोरीला. बाळाला महिनाभर धुराचा वास येत होता, पण अंगावर पुरळ म्हणून उठला नाही. सोय म्हणाल तर सोपी नव्हती हो. पंधरा दिवसांत जुनेरं संपली, आणि एका सकाळी बघते तर तुम्ही जत्रेला नेसायचं लुगडं फाडत होता. मी हात धरला. "सोड. मला कुटं मिरवायचंय? नोकरी नसली की बाई चुलीपुढंच बसती, मला बग की. तू जा. हगमूत मी बगते."

मी गेले. त्या नोकरीवर लेक शिकली, घर उभं राहिलं. तुमच्यामुळं, आत्या. हे कधी तोंडावर म्हटलं नाही, म्हणून आता लिहितेय.

हा कागद लेकीला दाखवणार नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं धुवायला मी बाई लावली. कारखान्यातून रजा मिळत नाही, असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "कामाचं बग गं आदी." रजा मी मागितलीच नव्हती. मला किळस येत होती.