उरलेल्या तुकड्याची तक्रार

ती. दावताईस,

धाकट्या पिमचा हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा स्वभाव, दोन्ही होते तसेच असतील असं धरून चालते. इथे बँकॉकात मी बरी आहे, आणि बरोबरही होते, निदान गेल्या मंगळवारपर्यंत.

तुला ठाऊक आहेच, मी डेंग्यूच्या विषाणूचा आरएनए (म्हणजे 'माझ्या प्रती काढा' असा पेशीला सोडलेला लांबलचक हुकूम) अखंड मिळवायच्या मागे आहे. तो मिळतो, पण तपासणीच्या पट्टीवर त्याच्या खाली दर वेळी एक आखूड तुकडाही दिसतो. आता बोटांच्या घामात आरएनए खाणारं द्रव्य असतं, हे आमच्याकडे झाडूवालीलाही माहीत. म्हणून मी थेट ओरथाईला पकडलं. ही आमची नवी मदतनीस, खोन केनची. डब्यात आंबवलेल्या माशांची चटणी आणते (मी माणसं वासावरून ओळखते). तिने हातमोज्यांवर हातमोजे चढवले, तरी तुकडा हजर. तेव्हा मी विभागप्रमुख अदिसक सरांना तक्रार लिहिली, की हिचे हात या कामाचे नाहीत, करार वाढवू नये; आणि त्यांच्या बंद खोलीच्या दाराखालून सरकवली.

दुसऱ्या दिवशी ओरथाई म्हणते, "पिमबाई, माझे हात काय फूटपट्टी लावून कुरतडतात? तुकडा रोज एकाच मापाचा कसा?"

"तोंड चालवू नकोस, नळी धर," मी म्हटलं.

पण आम्ही करून पाहिलं. नकोसे झालेले संदेश एका टोकापासून चावत संपवणारं एक विकर पेशीत असतं. ते काढून टाकलेल्या पेशींत विषाणू वाढवला, तर तुकडा जवळपास गायब. म्हणजे लबाडी विषाणूची. त्याने शेपटाकडे अशी गाठ मारलेली असते, की चावत आलेल्या विकराची दातखीळच बसते. ते तिथे अडकून राहतं, पेशीचा इतर कचरा तुंबतो, आणि उरलेलं शेपूट विषाणू स्वतःच्या कामाला लावतो. (आमच्या कचेरीतल्या काही फायली अशाच टिकल्या आहेत.) एकूण, माझी शंका रास्त होती, फक्त माणूस चुकला.

तुझी,
पिम

ता.क. अदिसक सर पंधरा दिवसांपुरतं चीवर घालून तुमच्याच गल्लीतल्या विहारात आहेत, फोन घरी ठेवून. सोमवारी परततील, आणि त्याच दिवशी करारांवर सह्या आहेत. तू सकाळी भिक्षापात्रात भात घालतेस, तेव्हा सांग, की दाराखालचं पाकीट न वाचता फाडा. (भिक्षूशी कचेरीचं बोलू नये, कळतं मला. भात जरा जास्त घाल.)

ता.क. २. वर 'आम्ही करून पाहिलं' आहे तिथे 'ओरथाईने' असं वाच. शिवाय हे सगळं आमच्या कपाटातल्या पुस्तकात आधीच छापलेलं निघालं. तेही तिनेच दाखवलं.

ता.क. ३. ओरथाईला ठेवाच, असं दुसरं पत्र मी काल त्याच दाराखालून सरकवलं. पाकिटं एकाच गठ्ठ्यातली, बाहेरून अगदी सारखी आहेत. तेव्हा 'पाकीट फाडा' एवढ्याने भागणार नाही, 'पिमची चूक झाली' असं सरळ सांगावं लागेल. ते तू सांग. मी दोन्ही पत्रांत ते वाक्य टाळलं आहे.