सोमवारी शटर उघडणार नाही

गाण्याची लांबी सव्वाचार मिनिटं. ते मिरवणुकीत वाजलं, लोक नाचले, पुढच्या वर्षी दुसरं आलं. त्या गाण्याला लागलं ते असं: गाणाऱ्या सायलीचा आवाज, पाच महिने. ढोलकीवाल्या पुंडलिकच्या डाव्या हाताची करंगळी, अजून पुरती वळत नाही. माझ्या मुलाची झोप, किती गेली ते त्यालाच सांगता येत नाही. स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग आणि चहा यांचा खर्च मी यात धरलेला नाही, कारण तो कंपनीच्या राजकुमारने दिला. बाकीचं त्याने दिलं नाही आणि ते कुणाला देताही येत नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारा पुंजाराम नानासाहेब निकम, वय सदुसष्ट, मूळ राहणार तालुका कन्नड, हल्ली मुक्काम सिडको, छत्रपती संभाजीनगर, धंदा ध्वनिमुद्रण, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला राग आलेला आहे, परंतु राग आणि डोकं एकाच वेळी ठिकाणावर राहू शकतं, असं डॉ. मनस्विनी पिंपरकर यांनी मला तपासून सांगितलं आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या घरात दबाव टाकणारा एकच माणूस आहे आणि तो मी आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र, ज्यात सगळं डोळे झाकून मुलाच्या नावे लिहिलं होतं, ते या लेखाने रद्द समजावं.

कलम १. सिडकोतलं राहतं घर, त्यातली भांडीकुंडी आणि बँकेतली ठेव माझी पत्नी सौ. सरूबाई हिला. यावर कोणी तोंड उघडायचं नाही. मी लग्नात कर्णे बांधत फिरायचो तेव्हा बॅटरी डोक्यावर घेऊन शेताच्या बांधाने माझ्यामागे ती चालत होती. स्टुडिओला ‘सरू साउंड’ हे नाव मी प्रेमाने दिलं असं लोक म्हणतात. तो हिशेब होता.

कलम २. माझा पहिला कर्णा गावच्या शाळेला द्यावा. त्याच्यावर मी कान तयार केले. कन्नडच्या आठवडी बाजारात तीन दुकानांचे कर्णे एकदम वाजायचे, आणि त्यातला कोणता फाटका हे मी एसटी स्टँडवर बसून सांगायचो. तोच कान घेऊन शहरात आलो, औरंगपुऱ्यात जिन्याखालच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं, पुढे वरचा अख्खा मजला घेतला. मला वाद्य येत नाही, गाता येत नाही. ऐकता येतं. एवढ्यावर मी इथवर आलो, आणि ज्या दिवशी माझं ऐकलं नाही त्याच दिवशी सगळं बिघडलं. ते कलम ३ मध्ये येतं.

कलम ३. सायली, राहणार दौलताबाद, आमच्याकडे गाणारी मुलगी. काचेच्या खोलीतला मोठा माइक, स्टँडसह, तिला.

कारण लिहितो. गेल्याच्या आदल्या गणपतीच्या आधी कंपनीचा माणूस राजकुमार मिरवणुकीच्या गाण्यांची थप्पी घेऊन आला. माझा मुलगा इंद्रजीत स्टुडिओ चालवतो, त्याने सगळी घेतली. सायली काळी चारमध्ये गाते, तीच तिची पट्टी. ऐन दुपारी राजकुमार सोफ्यावर बसून म्हणाला, “काका, मार्केट को चढ़ा हुआ मंगता. डीजे पे आवाज दबना नको.” त्यांनी त्याहून वरची काळी पाच लावली. दुसऱ्या दिवशीही तीच. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन दारात उभा होतो. तिच्या आवाजाच्या कडेला वारा लागत होता, सायकलच्या ट्यूबमधून बारीक हवा सुटते तसा.

मी म्हणालो, “इंद्रजीत, थांबव. गळा चिरतोय पोरीचा.”

“अण्णा, एकच टेक राहिलाय.”

“तुझा एकच टेक सकाळपासून चाललाय.”

तेवढ्यात काचेमागून सायलीच बोलली, “काका, असू द्या. होईल. मला काय नाय झालं.”

राजकुमारने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. इंद्रजीतने मला बाहेर बसायला सांगितलं आणि आवाजबंद दार लावलं. ते दार मीच बसवलेलं आहे, चांगलं आहे, बाहेर काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी तिचा आवाज गेला. बसला नाही, गेला. पिंपरकर डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतू सुजले होते, एका ठिकाणी रक्त साकळलं होतं. बोलणं बंद, कुजबुजणंसुद्धा बंद. ती मुलगी माझ्यासमोर बाकावर बसून मोबाइलवर टाइप करत होती आणि मला दाखवत होती. “काका, येईल ना परत?” मी तोंडाने हो म्हणालो. तिने ते खरं मानलं का नाही, ते तिला विचारता आलं नाही.

मला राजकुमारचा राग आहे, पण त्याहून जास्त राग त्या “मला काय नाय झालं”चा आहे. या धंद्यात सगळेच हे म्हणतात. झोपलो नाही असं सांगताना छाती फुगवतात. जेवलो नाही, तरी गाणं दिलं. ताप होता, तरी वाजवलं. अरे, कुणी मागितलं होतं? आणि मागितलं असेल तर त्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं का? गाऊन गाऊन तेच एक वाक्य गाता आलं नाही?

माइक देताना अट एकच. त्यात सायली तिच्या पट्टीत गाईल. पट्टी गाणारा ठरवतो.

कलम ४. पुंडलिक, आमचा ढोलकीवाला, याला माझी आरामखुर्ची. तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत, स्वतः आडवं व्हावं.

पुंडलिक वाजवून झालं की ढोलकीच्या कड्या मागे सारतो, दोरी सैल करतो, मग वर फडकं टाकतो. चामडं ताणलेलं ठेवलं तर फाटतं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं. त्या गणपतीत त्याची बोटं सुजलेली होती, चहाचा कप धरताना हात हलत होता. तरी निघताना आधी ढोलकी सैल केली आणि मग दुसऱ्या स्टुडिओत वाजवायला गेला. मी जिन्यात अडवलं.

“पुंडलिक, ढोलकीला आराम दिलास. तुला?”

तो हसला. म्हणाला, “अण्णा, आपल्याला कड्या कुठंयत?”

विनोद चांगला होता. मला हसू आलं नाही. आमच्या लोकांची सगळी चूक त्यात आहे. हार्मोनियमला दमट हवा नको, माइकला धूळ नको, मशीनला गरमी नको म्हणून एसी. माणसाला मात्र काहीही चालतं.

कलम ५. राजकुमार याला भिंतीवरचं ते घड्याळ. माझ्या स्टुडिओत बसून त्याने गाणं ऐकलं नाही, घड्याळ पाहिलं. त्याची आवडती वस्तू त्याच्याकडे जावी. सेल त्याने घालावेत. सायलीची विचारपूस करायला त्याने एकदाही फोन केला नाही, उरलेली गाणी कोण गाणार हे विचारायला केला.

कलम ६. आता स्टुडिओ. सगळे याच कलमाची वाट पाहत वाचत असतील.

सायली गप्प झाली त्याच आठवड्यात इंद्रजीत मिक्सरवर बसल्या बसल्या खुर्चीतून घसरला. छाती आवळलेली, दोन्ही हातांना मुंग्या, अंगावर घाम. आम्ही दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय ठीक निघालं. तिथले डॉक्टर म्हणाले, हा ताण आहे, शरीराने आज सांगून पाहिलं, पुढच्या वेळी सांगेलच असं नाही. झोप वेळेवर, जेवण वेळेवर, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. इंद्रजीतने मान डोलावली आणि माझ्याकडे हात पसरला.

“अण्णा, फोन द्या. राजकुमारला सांगतो, दोन तासांत येतो म्हणून.”

सरूबाई त्याच्या चपला हातात धरून उभी होती. ती म्हणाली, “ह्याचं काळीज जाग्यावर नाय, अन् ह्याला राजकुमार आठवतोय.” त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

त्या दिवाळीच्या पाडव्याला मी नियम केला. स्टुडिओ दर सोमवारी बंद. रोज अर्धा तास गळा आणि हात तापवल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. दुपारी जेवण, तेही बसून. गिऱ्हाईक आणि त्याचा फोन दाराबाहेर. आणि कोणालाही धाप लागली, हात थरथरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याने सांगायचं, आणि सांगितल्यावर कोणी हसायचं नाही. हा नियम मी स्वतः पाळतो. पाडव्यापासून आजवर एकाही सोमवारी मी त्या जिन्याची पायरी चढलेलो नाही. वर्ष उलटून गेलं. छातीवर हात ठेवून सांगतो आणि पोराने माझ्याकडे बघून शिकावं असं इथे लिहून ठेवतो.

काय झालं ते पण लिहितो, कारण “काम कमी होईल” असं सगळे मला सांगत होते. काम कमी झालं नाही. आधी एका गाण्याला पुंडलिक पुन्हा पुन्हा चुकायचा, तो दुसऱ्या-तिसऱ्या वाजवण्यात गाणं देऊ लागला. भांडणं थांबली. आधी रोज कोणी ना कोणी हेडफोन आपटून जायचा, वर्षभरात नवा हेडफोन घ्यावा लागला नाही. सायली पाच महिन्यांनी आली, आधी नुसतं ओंकार लावायची, मग एक कडवं, मग गाणं. तिचा आवाज आता खालच्या सुरांत पूर्वीपेक्षा भरीव आहे. हे मी ऐकून सांगतो आणि यात मी फसत नाही. इंद्रजीत रात्री घरी जेवायला लागला. एकदा ताटावर बसून गुणगुणला. लहानपणी गुणगुणायचा, मधली कितीतरी वर्षं मी ऐकलं नव्हतं. सरूबाईने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना या पोराने काय केलं? गेल्या महिन्यात एका सोमवारी मी त्याला फोन केला.

“कुठं हायेस?”

“दौलताबादला, अण्णा. किल्ल्याखाली. पेरू घेतोय.”

त्याच्या मागे खट, खट, खट, खट चालू होतं. वाजवणाऱ्यांना लय धरून द्यायला मशीन जो ठोका देतं, तो.

मी म्हणालो, “किल्ल्यावर क्लिक कोण लावलाय रे?”

खटखट थांबली. मग तो म्हणाला, “राजकुमारचं एकच गाणं होतं, अण्णा. शिवजयंतीचं. माणूस गळ्यात पडला.”

“सायली आहे का आत?”

“नाय. ती सोमवारी येत नाय म्हणाली.”

त्या एका वाक्यावर मी त्या दिवशी जेवलो. आणि ज्याला मी जन्म दिला तो घरी आला तेव्हा खरोखर पेरू घेऊन आला होता, वाटेतल्या गाड्यावरून. सरूबाईने पिशवी घेतली नाही. ती म्हणाली, “दवाखान्यात तुला चपलेचं भान नव्हतं. तुझ्या चपला घेऊन मी उभी होते. पुन्हा उभी राहायची नाय मी, सांगून ठेवते.”

म्हणून असं: ‘सरू साउंड’ हा स्टुडिओ, औरंगपुऱ्यातली जागा आणि आतली यंत्रं यांचा मालक माझ्यामागे इंद्रजीत. परंतु किल्ली एकच राहील. दुसरी मी कालच फाइलने घासून निकामी केली आहे. दर रविवारी संध्याकाळी इंद्रजीतने किल्ली सरूबाईच्या हातात आणून द्यायची आणि मंगळवारी सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन परत न्यायची. तिच्यामागे हे काम पुंडलिककडे. हा नियम चालू महिन्यापासून, म्हणजे माझ्या जिवंतपणीच, लागू केलेला आहे. एखाद्या सोमवारी स्टुडिओत काम झालं असं सरूबाई आणि पुंडलिक या दोघांपैकी कोणी लिहून दिलं, तर स्टुडिओ सायलीचा. ती तो चालवील. नाही म्हणायला ती शिकलेली आहे, आणि या धंद्याची मालकी ज्याला ते जमतं त्यालाच द्यावी असं माझं मत झालं आहे.

इंद्रजीत, हे तुला शिक्षा म्हणून लिहिलेलं नाही. तू खुर्चीतून घसरलास तेव्हा तुझा हात जमिनीवर आपटल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला. दार आवाजबंद होतं, तरी ऐकला. मला आता कुठलाही आवाज ऐकायचा बाकी राहिलेला नाही, तो एक पुन्हा ऐकायचा नाही.

कलम ७. माझ्या मागे दहाव्याला कर्णा, डीजे, भजनाचा ध्वनिवर्धक काहीही लावू नये. माणसांनी आपापल्या आवाजात बोलावं. तो दिवस सोमवार आला तर उत्तमच, सगळे मोकळे असतील.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सौ. सरूबाई करतील. दोन्ही साक्षीदारांना यात काहीही ठेवलेलं नाही, कारण साक्षीदाराला काही दिलं की पुढे मृत्युपत्रावरच शंका निघते. त्यातले सदाशिवराव यावर थोडे नाराज आहेत, त्यांचा डोळा आरामखुर्चीवर होता.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ते दोन्ही कानांनी ऐकलं, एक शब्दही बदललेला नाही. मी साक्षीदारांसमोर सही केली आणि साक्षीदारांनी माझ्यासमोर. डॉक्टरीणबाईंना आठवड्यात एकच दुपार मोकळी मिळते, आणि चार माणसं बसतील एवढं टेबल व बाहेरचा गोंगाट येणार नाही अशी खोली माझ्याकडे एकच आहे.

सही : पुंजाराम नानासाहेब निकम

साक्षीदार १ : डॉ. मनस्विनी पिंपरकर, कान-नाक-घसा तज्ज्ञ
साक्षीदार २ : सदाशिव देवगावकर, निवृत्त बँक कर्मचारी, खालच्या मजल्यावरचे शेजारी

ठिकाण : सरू साउंड, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १९ जानेवारी २०२६
वार : सोमवार. किल्ली सरूबाईंकडून चार वाजेपर्यंतच्या बोलीवर मागून आणली आहे.