मोहाच्या फाट्यावरची पट्टी

शुक्रवार, १६ जानेवारी

पोतं भरलं एकदाचं! लाल लुंगीच्या थानांच्या कडेच्या चिंध्या — आमच्या फोल्डिंगला, थानं तपासून घड्या घालतो तिथे, रोज ढिगाने पडतात. शेठला विचारलं तर म्हणाला, "ले जाओ, कचरा ही है." दुपारच्या सुट्टीत बसून हातभर लांबीच्या पट्ट्या फाडल्या. सायझिंगची खळ सुतात तशीच, त्यामुळे कापड कडक. बोटं पांढरी झाली.

प्लास्टिकच्या रिबिनी नकोत, जंगलात घाण राहते, हे डोकं माझंच. देवेश तर फोनवर नाचायचाच बाकी होता. "काय भारी आयडिया गो माधवी!" शर्यत त्याची ना. कशेळीला बापाची गोदामं, पण याचा जीव डोंगरात. शहापूरच्या पलीकडे पन्नास किलोमीटरची वाट काढलीय, अठ्ठेचाळीस जणांनी नावं दिली. त्यात आम्हीपण — मी, जीवन आणि तो. तीन वर्षं दर रविवारी एकत्र पळतो, पण पन्नास पहिल्यांदाच.

कंपाउंडमधल्या मेल्या बकऱ्या दोनदा पोत्यात तोंड घालून गेल्या. हाकलल्या. जीवन आमच्याच कारखान्यात माग चालवतो, तो लूमखालून ऑइलचे हात पुसत बाहेर आला, म्हणाला, "ताई, परवा या बकऱ्याच पहिल्या येणार!" मी पण हसले. पोतं त्यानेच उचलून देवेशच्या टेम्पोत टाकलं.

शनिवार, १७ जानेवारी

वाटेवर पट्ट्या बांधून झाल्या. अठ्ठाविसाव्या किलोमीटरपासून चौतिसाव्यापर्यंतचा तुकडा माझा, एकटीचा. सरळ वाटेला शंभर पावलांवर एक, फाट्यावर तीन. एरवी रेंज मिळत नाही, ती नेमकी मोहाच्या झाडाजवळ मिळाली आणि शेठचा फोन. सोमवारी पहिल्या शिफ्टला येतेस की नाही? वीस मिनिटं त्याच्याशी भांडले, चालत, एका हाताने बांधत.

पाड्यातल्या शाळेत मुक्काम. पिठलं-भात. उद्या पाचला सुटायचं. पाय आत्तापासूनच वळवळतायत.

रविवार, १८ जानेवारी

जीवन पडला. जिवंत आहे. पाय मोडलाय.

सोमवार, १९ जानेवारी

पहिल्या शिफ्टला गेले नाही. शेठचे चार फोन. उचलले नाहीत.

लिहून टाकते, नाहीतर डोक्यात तेच फिरतंय. निघालो तेव्हा थंडी होती, सगळे मजेत. विसाव्यापर्यंत आम्ही तिघं एकत्र. मग देवेश पुढे — त्याला शेवटच्या ठिकाणी पोचून सगळ्यांचं बघायचं होतं. जीवन आणि मी सगळ्यात मागे. सत्ताविसाव्याला माझ्या पोटात कळ आली, त्याला म्हटलं, हो पुढे, थांबू नकोस. तो म्हणाला, "चौतिसाव्याला चहा सांगून ठेवतो." गेला. पंधरा मिनिटांनी मी त्याच्यामागे.

मोहाच्या झाडाशी वाट फुटते. उजवी डोंगराच्या कडेने जाते, डावी ओढ्यात उतरते — शेवाळ, कातळ, काही खरं नाही तिथलं. मी पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. झाडावर पट्टी नव्हती. एकही नाही.

थांबले क्षणभर. मग उजवीकडे वळले. मला वाट माहीत होती ना!

चौतिसाव्याला चहा होता. जीवन नव्हता.

पाड्यातली माणसं मागे धावली. ओढ्यात सापडला, दोन कातळांच्या मधे. घोंगडीची झोळी करून, बांबूला बांधून वर आणला. ओरडला नाही. मला बघून म्हणाला, "चहा थंड झाला असेल."

मी तिथे पट्टी बांधली होती का? आठवत नाही. शेठचा आवाज आठवतो, शिव्या आठवतात, झाडाची साल आठवते. बांधल्याचं आठवत नाही.

मंगळवार, २० जानेवारी

ड्युटी. थानं तपासली. भाजी आणली. आई म्हणाली, "जेवलीस का?" जेवले होते बहुतेक.

गुरुवार, २२ जानेवारी

दवाखान्यात गेले. नडगीची दोन हाडं मोडली, आत सळई घातलीय. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, लंगडेल थोडा, पळायचं विसरा. आणि लूमवर? दहा तास उभं राहायचं काम. त्यावर डॉक्टर नुसते "बघू" म्हणाले.

रूपा, त्याची बायको, स्टुलावर बसलेली. माझ्यासमोर त्याला झापत होती. "बाकीची सत्तेचाळीस माणसं त्या वाटेनं गेली ना? यांनाच बरं दिसलं नाही! डोळे कुठे होते तुमचे?" जीवन छताकडे बघत म्हणाला, "खाली बघून पळत होतो. चुकलं माझं." मग तिने पर्स उघडून मला तिळगूळ दिला. संक्रांतीचा राहिलेला. "घ्या ताई, गोड बोला."

घेतला. खाल्ला. गोड बोलले.

बाहेर आले, रिक्षासाठी उभी राहिले. वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. नुसता हात चिकट.

शनिवार, २४ जानेवारी

काही वाटत नाही. दात काढायच्या आधी सुई देतात तसं — गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही.

रविवार, २५ जानेवारी

पळायला गेले नाही. बूट आईने धुऊन गच्चीत वाळत टाकले होते, तसेच आहेत.

देवेश घरी आला. त्याला सांगून टाकलं. म्हटलं, मोहाच्या फाट्यावर मी पट्टी बांधलीच नाही, फोनवर भांडत होते. त्याचा चेहरा पडला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जीवन काय बोलतो? स्वतःची चूक बोलतो ना? मग तू नको बोलू. माझी पण शर्यत आहे गो, लोक मला खातील." नंतर स्वतःलाच लाज वाटली असावी त्याला, उठला, "तुझ्यासाठीच बोलतोय," म्हणाला आणि गेला.

त्याचा राग यायला हवा. नाही आला. मी तरी काय वेगळं करतेय?

सोमवार, २ फेब्रुवारी

जीवनला दवाखान्यातून घरी सोडलं, शेलार गावाला. त्याच्या चार लूम आता नवा माणूस बघतो. दोन बंद पडल्यात. शेठ म्हणाला, "जीवन कब आयेगा?" मला विचारतो! उद्या जाऊन सांगेन जीवनला. उद्या नक्की.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

गेले नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

वाटेवरच्या पट्ट्या काढायला गेलो, देवेश आणि मी. जंगलात कचरा ठेवायचा नाही हे ठरलेलंच होतं. मी म्हटलं, माझा तुकडा मीच काढते. तो म्हणाला, "एकटी नको." गाडीत गाणी नाहीत, गप्पा नाहीत.

अठ्ठाविसाव्यापासून चालायला लागलो. पहिली पट्टी असायला हवी तिथे नाही. दुसरी नाही. तिसरीचं अर्धं टोक. देवेश म्हणाला, "कुणी नेल्या का?" मोहाच्या झाडाशी आलो. माझ्या छातीत धडधड नाही, काही नाही. नुसती बघत होते. देवेश झाडाला चिकटून वर-खाली बघायला लागला आणि एकदम ओरडला, "ए माधवी! इकडे ये!"

खालच्या फांदीवर तीन गाठी होत्या. पट्ट्या नाहीत, नुसत्या गाठी, बोटभर लाल कापड, कडा कुरतडलेल्या. दोन वेढे आणि टोक आतून काढलेलं. फोल्डिंगची गाठ, माझीच. डोंगरात दुसरं कोण अशी गाठ मारतं!

बांधल्या होत्या. मी बांधल्या होत्या.

तेवढ्यात वरून एक म्हातारी आली, पाच-सहा शेळ्या घेऊन. हौसाबाई नाव, पाड्यातलीच. आमच्या हातातली चिंधी बघून म्हणाली, "ती लाल कापडं तुमचीच व्हय? माज्या शेल्यांनी पार फस्त क्येली! सांजच्याला खालची, आन् सकालच्याला तुमची मानसं पळून गेल्यावर ही झाडावरची, सोडतच न्हवत्या. दोन दिस माजा जीव टांगणीला, प्वाट फुगतंय का काय!" एकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ही सगल्यात चोरटी हाय."

देवेशने मला मिठीच मारली. डोळ्यात पाणी त्याच्या. "सुटलीस गो! तुझी काय चूक नाय, कोणाचीच नाय!" रेंज तिथे मिळतेच. जीवनला फोन लावला, स्पीकरवर. सगळं धडाधडा सांगितलं — गाठी, शेळ्या, म्हातारी. मागून रूपाचा आवाज, "अगं बाई! आणि मी यांना किती बोलले!" जीवन मात्र म्हणाला, "हो का? बरं झालं." एवढंच.

येताना देवेशने गाणी लावली. मला वडापाव खाऊ घातला. मी पण म्हटलं, सुटले. दोनदा म्हटलं. आईलाही सांगितलं. ती देवापुढे साखर ठेवून आली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पहिली शिफ्ट. सकाळी कंपाउंडमधून आत शिरले तर बकऱ्या चिंध्यांच्या पोत्याशी. तोंडं आत, शेपट्या हलतायत. हाकलायला हात उचलला आणि तसाच राहिला.

खळ. मक्याची खळ असते ती! थान धुतलेलं नसतं, लूमवरून उतरलेलं तसंच कडक. बकऱ्यांना ती भाकरीसारखी लागते. या कामतघरात, आमच्या मागांच्या वस्तीत, कोणाला माहीत नाही? कापड बाहेर ठेवलं की खातात, म्हणून तर दाराला फळी लावलीय. ती फळी रोज मी लावते!

देवेशला काय ठाऊक, त्याच्या गोदामात खोकी येतात. हौसाबाईला खळ कशाशी खातात माहीत नाही. मला माहीत होतं. फाडताना बोटं पांढरी झाली होती. दोनदा हाकलल्या होत्या. हसले होते! आणि तीच चिंधी नेऊन शेळ्यांच्या डोंगरात माणसांना वाट दाखवायला बांधली. घरी रात्रभर भिजवून, धुऊन उन्हात वाळवली असती तरी चाललं असतं. एक बादली पाणी.

पट्टी बांधायला विसरले असते तर बरं होतं. माणूस विसरतो. हे विसरणं नाही.

सगळे म्हणतायत, कोणाचीच चूक नाही. देवेश, आई, रूपा. गप्प बसले तर आयुष्यभर असंच म्हणतील.

बुधवार, ११ फेब्रुवारी

शेलारला जाऊन जीवनला सांगितलं. रूपा पाणी भरायला गेली होती, तेवढ्यात. खळ, पोतं, फळी, सगळं. मान वर न करता.

तो म्हणाला, "माहीत आहे ताई. ओढ्यात पडलो होतो तेव्हा वर कडेला एक शेळी उभी होती. तोंडात लाल पट्टी. माझ्याकडे बघत चावत होती. तेव्हाच कळलं."

"मग इतके दिवस स्वतःवर का घेतलंस?"

"पोतं कोणी उचललं? मीच ना. बकऱ्या पहिल्या येणार म्हणून हसलं कोण? मीच." मग पायाखालची उशी नीट करत म्हणाला, "आणि तुम्हाला कळलं तर तुम्ही पळणं सोडाल, असं वाटलं."

परत येताना रिक्षात रडले. मोठ्याने, नाकातोंडातून. रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली. "क्या हुआ दीदी, कोई गुज़र गया क्या?"

म्हटलं, नाही. कोणी नाही.