सूतगिरणीची खिडकी

सोमवार, १२ जून १९७८. नाशिक रोड.

सुनंदाच्या नव्या पुस्तकांना ह्यांनी आज रशियन मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घातली. भूगोलावर नेमकं मला आवडलेलं ते चित्र आलं! सूतगिरणीतल्या बायका, सगळ्या लालबुंद गालांच्या, कुणीतरी हसायला लावल्यासारख्या. फक्त कडेची एक हसत नाहीये. ती खिडकीकडे बघतेय. बाकी सगळीकडे रंगाचे जाड थर, खिडकी मात्र इतक्या पातळ, पांढुरक्या रंगात की तिथून वारा यावा. तिकडच्या सरकारी साहेबांना हवं ते हसू देऊन चित्रकाराने खरं काय ते कडेला ठेवलं. कसं जमलं असेल? लग्नाआधी माझी चित्रकलेची शेवटची परीक्षा झाली असती, तर... जाऊ दे. भात लागायला आला होता.

"आई, नावाचं लेबल कुठे लावू?" सुनंदाने विचारलं.

"खाली लाव."

"खाली तोंडं आहेत सगळ्यांची. खिडकीत जागा रिकामी आहे की!"

मी भात उतरवून येईपर्यंत तिने खळ लावून चिकटवलंसुद्धा. खिडकी अख्खी झाकली गेली.

आता ती कडेची बाई माझ्या लेकीच्या नावाकडे बघत उभी आहे.