बाभळीपाशी तुटणारा दम

मंगळवार, सांजच्याला

रोज त्या बाभळीपाशीच माझा दम का तुटतो? महिना झाला पळतेय, पण बाभूळ आली की पाय थांबलेच.

आज तिथंच शेजारच्या गंगाक्का रानातून वरडल्या, "काय झालं गं? कोण गेलं?" बाई पळाली म्हंजे कुणीतरी मेलंच, असा आपल्याकडं समज. लई राग आला. पळता पळताच म्हणले, "कुणी न्हाय मेलं अक्का! मला हौस हाय पळायची. तुमी कांदा खुरपा!"

एवढं बोलले तरी धाप न्हाय. मागं बघितलं, तर बाभूळ कवाच लांब राहिलेली.

मग दम वाढला म्हणायचा, का नुसत्या रागानं पळाले? कळंना. उद्या अक्का रानात नसू देत, मग बघते त्या बाभळीकडं.